नंबराचा कोपरा

ते त्र्याऐंशी साल. मी तेव्हा चौतीस वर्षांची होते आणि परवाना कचेरीत खिडकी नंबर चारवर बसत असे. शिवणकाम, बेकरी, सायकलदुरुस्ती, कुठलाही धंदा करायचा तर कागद माझ्या खिडकीतून न्यावा लागायचा. शिक्के मारून मारून माझा अंगठा आणि शेजारचं बोट कायम जांभळं. कितीही घासलं तरी रंग जायचा नाही.

त्या वर्षी निवडणुकीला एक घड्याळजी उभा राहिला. ना पक्ष, ना घराणं, ना पाठीशी कुणी काका-मामा. त्याचं म्हणणं एवढंच, की सरकारनं चोर धरावेत, भांडणं मिटवावीत आणि एरवी लोकांच्या दारात येऊ नये. "मला घड्याळ दुरुस्त करता येतं की नाही, ते गिऱ्हाईक ठरवेल. शिक्का कशाला?" आम्ही कचेरीत आधी हसलो. पुढे त्याच्या सभांना माणसं मावेनाशी झाली, तेव्हा साहेबांनी तोंडी बजावलं: सभेत दिसाल तर खिडकी गेली समजा. नावं टिपायला शिपाई पाठवू लागले.

माझी ताई शिवणकाम करायची. भावजी गेल्यापासून ते एक मशीन हाच तिचा संसार. दुसरं मशीन ठेवायला परवानगी मिळावी म्हणून तिनं तीनदा अर्ज केला, आणि तिन्ही वेळा तो माझ्याच खिडकीतून परत गेला. सही साहेबांची, पण परत करणारा हात माझा. तेव्हापासून ती माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोले.

त्या शनिवारी अर्ध्या दिवसानंतर मी तिच्या दुकानात गेले. परवाना चौकटीत घालून भिंतीवर लावायचा नियम होता. भिंतीवर नुसता खिळा. चौकट मशीनवर पालथी, आत कागद नाही.

"ताई सभेला गेल्यात," शेजारीण म्हणाली. "आज सगळे परवाने फाडणारेत म्हणे!"

परवाना फाटला तर नक्कल मिळायची, पण नंबराचा कोपरा शाबूत हवा. तो नसेल तर नवा अर्ज, सहा महिने, आणि तोवर मशीनला सील. सोमवारी तपासनीस तिच्याच गल्लीत येणार होता, हे तिला कुठून ठाऊक असणार? मला होतं.

मी जांभळी बोटं, कापल्यासारखी, रुमालात गुंडाळली आणि निघाले.

सभा एका बंद गिरणीच्या शेडमध्ये होती. आत शिरले आणि मागच्या माणसांनी दरवाजाच भरून टाकला. वर तापलेले पत्रे, खाली खांद्याला खांदा. लोक नट आवळायचे पाने आणि डब्यांची झाकणं घेऊन आले होते, ती लोखंडी खांबांवर बडवत होते. एकजण ओरडे, "विचारायचं कुणाला?" आणि हजार तोंडं, "कुणालाच नाही!" तो आवाज कानातून नाही, पायाखालून चढायचा. एका खांबाशी आमचा शिपाई उभा, हातात वही. मी मान खाली घातली आणि ताईला शोधू लागले.

घड्याळजी टेबलावर चढला. किडकिडीत माणूस, चष्मा दोऱ्यानं बांधलेला. त्यानं आपला परवाना वर धरला आणि टराटरा फाडला. "हा माझा होता, मी फाडला. तुमचं तुम्ही ठरवा. मी सांगतो म्हणून फाडाल, तर माझ्यात आणि त्या खिडकीत फरक काय?"

पहिल्या वाक्यापुढचं कुणी ऐकलंच नाही. वर कागदच कागद उडाले, आणि मी एक चूक केली. बारा वर्षं कचेरीत काढलेल्या बाईला नंबराचा कागद पायदळी गेलेला बघवत नाही. मी वाकले आणि कोपरे वेचून कमरेला खोचायला लागले. रुमाल कधी सुटला, कळलं नाही.

"अरे, ही बोटं बघा! खिडकी नंबर चार!" समोर बेकरीवाला होता. त्याला मी फोटोसाठी पाच खेपा घालायला लावल्या होत्या. "ओळखलंत का बाई? काय म्हणायचात मला? उद्या या!"

कुणीतरी हसलं. मग झाकणं त्या तालावर वाजू लागली. "उद्या या! उद्या या!" माझे शब्द, रोज शंभरदा उच्चारलेले. माझ्याभोवतीची जागा आकसत गेली. पाठीत कुणाचं तरी कोपर बसलं, केस ओढले गेले. टेबलावरून घड्याळजी दोन्ही हात हलवत ओरडत होता, "सक्ती नको! सक्ती नको!" त्याचं ऐकतो कोण? आता पडले तर उठणार नाही, एवढंच कळत होतं.

"तिला फाडायला लावा! मगच सोडा!"

"सरका! बहीण आहे माझी. कुणी हात लावला तर कात्रीनं बोटं छाटीन."

ताई होती. घामानं थबथबलेली, घडी केलेला तिचा परवाना अजून मुठीत. तो तिनं माझ्यापुढे धरला.

"फाड."

"ताई, तुझं मशीन..."

"मशीनचं नंतर बघू. आधी तू जिती घरी चल. फाड म्हणते ना!"

जो वाचवायला मी आले होते, तोच कागद ती माझ्यासाठी देत होती. बोटांना त्यांचं काम माहीत होतं. मी तो वरून फाडत आणला, आडवा, उभा, आणि शेवटचा तुकडा मुठीत ठेवून बाकीचे उधळले. गर्दीनं आरोळी ठोकली आणि वाट दिली. बाहेर येईपर्यंत ताईनं माझं मनगट सोडलं नाही. खूण चार दिवस होती.

मग मी मूठ उघडली. घामानं भिजलेला, पण शाबूत कोपरा. ताईनं तो बोटानं चाचपला. "सरकारी बाई ती सरकारी बाईच," म्हणाली, आणि मग रस्त्यातच रडू लागली.

सोमवारी साडेदहाला मी नक्कल केली. अकराला साहेबांनी बोलावलं, समोर शिपायाची वही उघडी.

माझी खिडकी गेली. तळघरातल्या जुन्या फायलींत निवृत्तीपर्यंतची वर्षं काढली. त्या आठवड्यात बेकरीवाला कोपऱ्यासाठी मला शोधत तळघरात आला. वेचलेल्यांत त्याचा निघाला, तो दिला, "उद्या या" म्हटलं नाही. शिपाई पुढे साहेबांच्या घरी कामाला लागला. घड्याळजीचं डिपॉझिट जप्त झालं. त्यानं परवाना पुन्हा काढलाच नाही, दुकानाला सील लागलं, आणि तो मरेपर्यंत घरोघर जाऊन भिंतीवरची घड्याळं नीट करत राहिला. अकरा वर्षांनी दुसऱ्याच सरकारनं परवाने रद्द केले. त्याचं नाव कुणी घेतलं नाही.

ताईनं त्याच महिन्यात दुसरं मशीन आणलं आणि दुकानात टाकलं. गेली ती माझं एक पोलकं अर्धवट ठेवून. कधी होणार विचारलं, की दोऱ्याचं टोक दातांत धरून म्हणायची, "खिडकी बंद आहे, बाई. उद्या या."