उकिरड्यातून परतलेली बांगडी

मित्रांनो, मी जुनी आहे, पण म्हातारी नाही. मी एक प्लास्टिकची हिरवी बांगडी आहे. शहरातल्या कारखान्यात तापलेल्या साच्यातून मी जन्मले आणि पलूसच्या बांगडीवाल्या अख्तरबीच्या टोपलीत बसून गावोगाव हिंडले.

कडेगावजवळच्या एका वस्तीवर अंजनाने मला घेतलं. तिचा नवरा जोतीराम फौजेत होता. उसाचा पाला काढताना तिच्या काचेच्या बांगड्या सारख्या फुटायच्या. अख्तरबी म्हणाली, "ही घाल गं. रानातल्या कामाला लय चिवट हाय." काचेच्या चुड्यात मी एकटीच मुकी होते. मला किणकिण नव्हती. पण पाणी शेंदून झालं की अंजना मला बोटाने गोल फिरवायची, ते मला फार आवडायचं.

एकाहत्तर सालच्या लढाईत जोतीराम गेला. तार आली आणि अंगणात बायका जमल्या. भावकीतल्या थोरल्या हरणाबाईंनी अंजनाचा हात पाट्यावर धरला. दगडाने एकेक काकण फोडलं. काच मनगटात रुतली. मग दगड माझ्यावर आला. मी दबले, उसळले, पण तुटले नाही. त्यांनी पुन्हा घातला. अंजनाचं मनगट सुजलं, मी होते तशीच. शेवटी हरणाबाईंनी मला ओढून काढलं आणि उकिरड्यात भिरकावलं.

"कुजंल तितंच!" त्या म्हणाल्या.

माझ्या शेजारी शेण होतं, चुलीची राख होती, खरकट्या पत्रावळी होत्या, मोडक्या सुपाचा तुकडा होता, बैलाचा तुटका कासरा होता. पत्रावळी आधी विरल्या. मग सुपाचा तुकडा गेला, कासऱ्याचाही भुगा झाला. सगळ्यांची काळी, भुसभुशीत माती झाली. किडे माझ्यावर चढत, चाचपून बघत आणि पुढे जात. मी कुणाच्याच पोटात मावले नाही.

वर्षाने उकिरडा उपसला. रानात खत विसकटताना मी अंजनाच्या बोटांना लागले. तिने मला पदराला पुसलं. इकडेतिकडे पाहिलं नाही. सरळ हातात घातलं.

बांधावरून हरणाबाई ओरडल्या, "अंजे! कपाळ पांढरं झाल्याली बाई तू. हिरवं घालतीस व्हय?"

"घातलं, काकी. शेणामातीनं हिला खाल्लं न्हाई. मग मी जित्तेपणी का कुजायचं?"

"लोकं तोंडात शेण घालतील!"

"घालू द्यात. मला शेण रानात घालायचं हाय."

हरणाबाई तरातरा वावरात उतरल्या आणि त्यांनी अंजनाचा हात धरला. तेवढ्यात तिची सासू मनुबाई पुढे आली. डोक्यावरची पाटी तिने खाली आपटली.

"आवं जाऊबाई, हात सोडा तिचा. त्या दिशी तुमी दगड मारला, तवा माझं लेकरू माघारी आलं का?"

हरणाबाईंनी हात सोडला. पुढे कित्येक दिवस भावकीने त्या घरी लग्नकार्याची सुपारी धाडली नाही, की हळदीकुंकवाचं बोलावणं केलं नाही. अंजनाने मला काढलं नाही. पुढे वस्तीवरच्या सुलाबाईचा नवरा गेला, तेव्हा अंजनाने तिच्या मनगटावर आपला तळहात ठेवला. दगड खाली आला नाही.

पण मित्रांनो, माझी फुशारकी ऐकून फसू नका. एका साली खताच्या पोत्यातली प्लास्टिकची पिशवी त्याच उकिरड्यातून उसात गेली. नांगर फिरला, पाणी पाजलं, तरी ती जशीच्या तशी. तिच्याखालचा उसाचा डोळा उजेडाला आलाच नाही. अंजनाने पिशवी उपटली आणि घरात सगळ्यांना बजावलं, "मातीला जे पचत न्हाई, ते तिला खायला घालायचं न्हाई."

मनगटावर जो माझा गुण ठरला, तोच मातीत अवगुण होतो. आम्हाला कुजायला किती काळ लागतो? जाणकार म्हणतात, शेकडो वर्षं. आमची जात इतकी नवी, की आमच्यातलं कुणी पुरतं मातीत मिसळलेलं अजून कुणी पाहिलेलंच नाही.

तेव्हा घ्याल तर जन्मभरासाठी घ्या. चार दिवस मिरवून फेकायची असेल, तर मला घेऊच नका. फेकलंत, तर मी जाणार नाही. तुम्ही जाल, तुमची नातवंडं जातील, आणि मी तुमच्याच रानात पडून असेन, हिरवीगार.