युगांडाचा जोडीनं सत्कार

जीवन युगांडाला गेला तर आपल्या पदरात काय पडणार, याची बेरीज शहादेवने पोराचा पासपोर्ट येण्याआधीच मांडून ठेवली होती. 'शहाद्या' म्हणणारी तोंडं 'शहादेवराव' म्हणायला लागतील. ग्रामपंचायतीपुढच्या स्टेजवर खुर्ची मिळेल. आजवर गावाबाहेरच्या वस्तीतल्या माणसाने ते स्टेज बांधलं होतं, झाडलं होतं, त्याच्यावर बसलं कुणी नव्हतं. आणि केजच्या व्याह्यासमोर पाय पसरून बसता येईल, ते वेगळंच.

जीवन साखर कारखान्यात पॅनमन. पाकाला दाणा कधी धरतो ते ओळखणारा कारागीर. इथं हंगाम संपला की तो रिकामा. तिकडं ऊस बारमाही, म्हणून कंपनीने बोलावलं होतं.

बातमी फुटली तसे मोहनराव स्वतः वस्तीत आले. गावचं राजकारण त्यांच्या ओसरीवर शिजतं, आणि त्यांचे पाय इकडं फक्त मतदानाच्या आधी वळतात.

"शहादेवराव," ते म्हणाले, आणि बेरजेतली पहिली रक्कम जमा झाली. "सत्कार करू. पण एकट्याचा न्हाई, जोडीनं. सूनबाईचा बी फोटो द्या फ्लेक्सला."

जीवनने बापाला बाजूला घेतलं. "आबा, आदी मी एकटाच जातोय. बायकूला कवा बोलवू देत्याल, तिथं गेल्याबिगर कळायचं न्हाई. तवर आम्रपालीला अंगणवाडी सोडू देऊ नका."

"बरं," शहादेव म्हणाला, आणि त्याच हाताने लग्नातला फोटो मोहनरावांच्या माणसाला दिला.

आम्रपाली गावच्या अंगणवाडीची सेविका. बारावी झालेली, भरतीच्या परीक्षेत पहिली आलेली, हे काम मिळालेली वस्तीतली पहिलीच. सत्काराच्या सकाळी तिने वेशीतला फ्लेक्स वाचला : 'युगांडाला रवाना होत असलेल्या दांपत्यास हार्दिक शुभेच्छा.'

"मामा, माझा फोटू कुणी दिला?"

"अगं, जोडीचा मान हाय. मानाला न्हाई म्हनत्यात व्हय?"

स्टेजवर शहादेवला खुर्ची मिळाली. मोहनराव माईकवर म्हणाले, "ताईंनी गावच्या लेकरांसाठी लई केलं. आता त्यांनी गावाची काळजी करू नये, जागा आमी सांभाळू." टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात शहादेवने वाजवल्या.

जीवन गेला. आम्रपाली राहिली. पंधरवड्यातच पाणवठ्यावर बाया विचारायला लागल्या, "काय गं, इमान पंचर झालं का?" हॉटेलात शहादेवच्या चहात माशी पडावी तसं रोज कुणीतरी टाकायचं, "शहादेवराव, जोडीनं नारळ घेतलं, मग सून हितंच कशी?"

जोडीनं घेतलेला मान एकटीनं वापरला तर गाव तो परत मागतं. शहादेवला हे झोपू देईना.

"राजीनामा देऊन टाक," तो सुनेला म्हणाला. "आज ना उद्या जायचंच हाय."

"ते काय म्हणले होते जाताना?"

"काय म्हनतोय? तयारीत ऱ्हावा म्हनला."

नवरा नवा, सांगायचं ते बापालाच सांगणारा, देश परका, फोनला रेंज नसायची. आम्रपालीने सासऱ्याचा शब्द नवऱ्याचा समजला आणि राजीनामा दिला.

महिनाभराने जीवनचा फोन लागला. "हितं एका खोलीत चौघं हावोत. दोन वर्सं फॅमिली आनता येत न्हाई. बरं झालं, आबाला सांगूनच ठेवलं व्हतं."

आम्रपालीने फोन शहादेवच्या हातात दिला. त्याने एवढंच विचारलं, तिकडं ऊन कसं आहे.

राजीनामा मागं घ्यायला ती कार्यालयात गेली, तेव्हा जागेवर नेमणूक झालेली होती. सायली. मोहनरावांची धाकटी सून.

सासू दगडाबाई चुलीपुढून बोलली. "मोहनरावानं हाराचं पैकं कशापायी घातलं, कळलं का आता? त्येच्या सुनंला जागा पाहिजे व्हती. आन तुमी फोटू देऊन मोकळं झालात."

"मला काय ठावं?" शहादेव म्हणाला.

"ठावं न्हाई तर खुर्चीत कशाला बसला?"

फ्लेक्स आता शेळ्यांच्या छपरावर आहे. पावसाने जीवनचा चेहरा उडाला, आम्रपालीचा राहिला. हॉटेलात शहादेवला सगळे अजून 'शहादेवराव' म्हणतात आणि लगेच विचारतात, "सून कवा निघायची?" सकाळी ती निघते, नवऱ्याचा जुना शर्ट साडीवर घालून, अंगणवाडीवरून. आतली लेकरं "ताई, ताई" करत दारात येतात आणि सायली त्यांना आत ओढते.

खुर्ची शहादेवला मिळाली, जागा सायलीला, श्रेय मोहनरावांना. या सगळ्याचं मोल आम्रपाली रोज चुकवते, मोहनरावांच्याच रानात, कापूस वेचून.