रेबेकाच्या पासपोर्टातलं कोरं पान

मित्रांनो, मी एक जुना पासपोर्ट आहे. मला नीट सांगता येईल की नाही, शंकाच वाटते. पण मी एकदा मोठं काम केलं, ते सांगितल्यावाचून राहवत नाही.

सन १९४८ मध्ये मुंबईच्या सरकारी कचेरीत माझा जन्म झाला. देश नुकताच स्वतंत्र झाला होता. माझी मालकीण रेबेका तिसगावची, नगरच्या दवाखान्यात परिचारिका. अमेरिकेतल्या एका रुग्णालयाने तिला वर्षभराच्या शिक्षणासाठी बोलावलं होतं. कोणत्या देशांत जाता येईल, हे सांगणाऱ्या पानावर सरकारने 'अमेरिका' असं लिहिलं होतं. ते वाचून तिचे वडील एलिया मास्तर म्हणाले, "झालं काम! मंडळीच्या चिठ्ठीसारखंच हे."

त्यांच्या ख्रिस्ती मंडळीची तशी रीतच होती. गाव सोडताना पाळक, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, चिठ्ठी देत. नव्या गावची मंडळी ती पाहून माणसाला आपल्यात घेई. मीही तशीच चिठ्ठी आहे, असं सगळ्यांना वाटलं. खरं सांगू? मलाही वाटलं.

बोट सुटायला बारा दिवस उरले. शेजारचे गनीभाई निरोपाला आले. त्यांनी वीस वर्षं बोटीवर खलाशाचं काम केलं होतं. त्यांनी मला शेवटच्या पानापर्यंत चाळलं.

"मास्तर, अमेरिकेचा शिक्का कुठं हाय?"

"हे काय, लिहिलंय की!"

"हे आपल्या सरकारनं लिवलंय. तुमी पोरीला जा म्हनलात. पन ज्याच्या घरी जायाचं, त्यो ये म्हनला का?"

"म्हणजे?"

"व्हिसा, मास्तर! लई पुस्तकं वाचता, अन् एवढं ठावं न्हाई?"

रेबेका रडवेली झाली. "चाचा, बोट चुकली तर माझी जागा दुसरीला देतील."

"मंग रडतीस कशाला? उद्याची मोटार धर!"

बापलेकीने मुंबई गाठली. अमेरिकेच्या वकिलातीत आठ दिवस खेटे घातले. नवव्या दिवशी माझ्या कोऱ्या पानावर व्हिसा उमटला. तेव्हा मला समजलं, की रेबेका कोण, कुठली, एवढंच मी सांगतो. तिला यायची परवानगी द्यायची का आणि किती काळ, हे तो देश ठरवतो. व्हिसा ही त्याची परवानगी. बोट मिळाली!

वर्षाने रेबेका शिकून परतली. व्हिसाची मुदत संपली होती. मुंबई बंदरावर अधिकाऱ्याने माझं पहिलं पान पाहिलं आणि हसून म्हणाला, "या बाई, आपल्या घरी आलात." तिथे दुसऱ्या कुणाची परवानगी लागली नाही. मी एकटा पुरलो!

म्हणून मित्रांनो, परदेशी निघताना व्हिसा आहे ना, ते आधी पाहा. आणि मला जिवापाड जपा. तुम्ही कितीही दूर गेलात, तरी तुम्ही आमचे आहात, हे सांगणारा मीच आहे.