एका अंदाजाची शोकसभा

चांगल्या चालत्या फ्रीजमधला नवा भाग काढून तिथे जुना, बाद झालेला भाग परत बसवायचा आहे, असं माझी भाची म्हणाली तेव्हा मी हातातलं दुधाचं पातेलं ओट्यावर जरा आपटूनच ठेवलं.

“चालतोय ना तो? मग कशाला त्याच्या वाटेला जातेस?”

“आत्या, तो का चालतोय तेच मला कळलेलं नाही.”

“चालतोय एवढं कळलं ना, पुरे झालं.”

माझ्या भावाच्या या मुलीला घरात सगळे भिंगरी म्हणतात, कारण ती एका जागी ठरत नाही. फ्रीज दुरुस्तीचं शिक्षण घेते आणि वर्ग जवळ पडतो म्हणून माझ्याकडे राहते. तिचे मास्तर अजब गृहस्थ आहेत. वर्गात कुणाला ‘म्हणून’ हा शब्द उच्चारायचा असेल तर त्यानं आधी बाकावर टकटक करायची, असा त्यांचा नियम. दाराआड खरंच कोणी आहे का ते बघा आणि मगच आत शिरा, असं ते सांगतात. शिवाय दर शनिवारी वर्गात शोकसभा असते. माणसाची नव्हे, मेलेल्या अंदाजाची. ज्याचा अंदाज चुकला त्यानं उभं राहून सांगायचं, की दिवंगत अंदाज कुठे जन्मला, कुणी त्याला लाडावून ठेवलं आणि शेवटी तो कशानं गेला. हसायला बंदी आहे, पण ती कुणी पाळत नाही. अशी एक तरी शोकसभा केल्याशिवाय मास्तर प्रमाणपत्रावर सही करत नाहीत.

भिंगरीचं घोडं इथेच अडलं होतं. तिचे अंदाज म्हणे चुकतच नव्हते. मध्यंतरी माझा फ्रीज बंद पडला. थंडी पुरेशी झाली की मशीन थांबवणारा आणि कमी पडली की चालू करणारा जो थर्मोस्टॅट असतो, तो तिनं बदलला. फ्रीज घरघरायला लागला आणि मी गल्लीभर मिरवून आले. तिनं हे वर्गात सांगितलं, तर मास्तर म्हणाले, “भाग बदललास म्हणून सुरू झाला? टकटक केलीस का? भाग बदलताना आणखी काय काय केलंस?” झालं. तेव्हापासून पोरीचं जेवणात लक्ष नव्हतं.

माझं दुखणं वेगळंच होतं. मला साखरेचा आजार आहे, रोज इन्सुलिन टोचून घेते. अलीकडे कितीही पथ्य केलं तरी साखर खाली येईना. भावानं फोनवरूनच निकाल दिला, की मी चोरून खाते. भिंगरीनं बिस्किटांचा डबा कपाटाच्या माथ्यावर चढवला. पुढच्या तपासणीत साखर चढलेलीच निघाली, तर घराला कुलूप लावून मी भावाकडे, त्याच्या नजरेखाली राहायला जायचं, असंही ठरलं. मला विचारलं कुणी नाही. या घरात मी नवऱ्यामागे एकटीनं इतकी वर्षं काढली, भिंतींना स्वतः रंग दिला आणि म्हातारपणी बिस्किटचोर ठरून बाहेर पडायचं, या विचारानं माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

तर भिंगरीनं फ्रीज पुढे ओढला, प्लग काढला आणि जुना थर्मोस्टॅट परत बसवला. प्लग लावला. फ्रीज चालू झाला. दुपारपर्यंत बघितलं, आपापला थांबत होता, आपापला सुरू होत होता.

“आत्या, मी चुकले,” ती म्हणाली. चेहरा असा, जणू कुणी बक्षीस दिलंय. “याला काहीच झालं नव्हतं. मग मी असं काय केलं होतं?”

मलाही आता उत्सुकता वाटायला लागली होती. “ओढलास. प्लग काढलास. परत लावलास.”

आम्ही दोघींनी एकदमच भिंतीकडे पाहिलं. तिनं मेन स्विच बंद करून सॉकेट उघडलं. आतली पट्टी सैल होऊन काळी पडली होती, कडेचं प्लास्टिक वितळलं होतं. प्लग कधी टेकायचा, कधी नाही. फ्रीज आपल्या मर्जीनं बंद आणि आपल्या मर्जीनं चालू.

“मग आतला दिवाही जात असणार की,” भिंगरी म्हणाली.

“तो दिवा कधीचाच गेलाय. मीच सांगितलं होतं तुला.”

“आणि आवाज थांबलेला कळायचा नाही तुला?”

“कळायचा की. बरं वाटायचं.”

मग मला नासलेलं दूध आठवलं. सगळ्या उन्हाळाभर दूध नासत होतं आणि त्याचं खापर मी दूधवाल्यांवर फोडत आले होते. एकाला तर दारातून हाकललं होतं. मी ओट्यावर टकटक केली.

भिंगरीचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. ती फ्रीजचं दार उघडून आतल्या छोट्या बाटल्यांकडे बघत होती.

“आत्या, तुझं इन्सुलिन इथेच असतं?”

“मग काय उशाशी घेऊन झोपू?”

ती तिथेच फरशीवर बसली.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, इतक्या उकाड्यात औषधाचा जोर गेला असेलही, पण खात्रीनं सांगता येणार नाही, नव्या बाटल्या आणून बघू. सॉकेट नवं, बाटल्या नव्या, बाकी सगळं होतं तसंच ठेवलं. साखर उतरली. भाऊ स्वतः बघायला आला, आणि त्या शनिवारी भिंगरी आम्हा दोघांना शोकसभेला घेऊन गेली.

मला वाटलं थर्मोस्टॅटवर बोलेल. ती उभी राहिली आणि म्हणाली, “दिवंगत अंदाजाचं नाव, आत्या चोरून खाते. जन्म आमच्या घरी, फोनवर. बाबांनी आणि मी त्याला लाडावून ठेवलं. साखर वाढली की तो बाळसं धरायचा. आत्या ‘मी नाही खाल्लं’ म्हणाली की आणखीच धरायचा, कारण चोर दुसरं काय म्हणणार? तो ज्यानं मरेल अशी एकही गोष्ट आम्ही त्याच्या जवळ येऊ दिली नाही.” ती माझ्याकडे वळली. “फ्रीज बंद पडत होता,” तिनं बाकावर टकटक केली, “म्हणून साखर वाढली. आत्यानं काही खाल्लंच नव्हतं.”

मी पदर सावरून ताठ बसले. इतक्यात मास्तरांनी टेबलावर टकटक केली.

“शेवटच्या वाक्यात एक ‘म्हणून’ दडून बसलाय. फ्रीज बिघडला होता, म्हणून आत्यांनी काही खाल्लं नव्हतं? दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकतात की नाही?”

अख्खा वर्ग माझ्याकडे बघायला लागला. भाऊही वळला. मी नाही म्हटलं असतं तर सगळ्यांनी मानलं असतं, आणि माझं घर माझंच राहिलं असतं. पण समोर ती पोर बाकावर हात ठेवून उभी होती.

“खात होते,” मी म्हटलं. “रविवारी एक बिस्किट, चहात बुडवून.”

वर्ग हसला. भावाचं तोंड उघडलं, पण भिंगरीनं हात वर केला. “थांबा बाबा. आत्या, डबा वर ठेवल्यावर?”

“तरीही. स्टुलावर चढून.”

“आणि नव्या बाटल्या आणल्यावर?”

“तेव्हाही. गेल्याच रविवारी.”

तिनं बोटांवर मोजलं. मग हळूच म्हणाली, “म्हणजे बिस्किट आधीही होतं आणि नंतरही. बदललं ते फक्त इन्सुलिन आणि सॉकेट.” तिनं टकटक केली. “म्हणून साखर उतरली.” या वेळी मास्तरांनी प्रमाणपत्र पुढे ओढलं आणि सही केली.

भाऊ माझ्याकडे टक लावून बघत होता.

“स्टुलावर चढलीस? या वयात? पडली असतीस म्हणजे?”

मी मान खाली घातली. घरी आल्यावर तो चपला न काढताच स्वयंपाकघरात गेला, हात उंच करून कपाटावरचा डबा काढला, आणि माझा हात पोचेल असा ओट्यावर ठेवला.