समुद्रावरचे आठ दिवस

१९७१ सालची गोष्ट. माझ्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. तिसगावच्या घरी पाहुणा आला की सासूबाई आधी ते सांगायच्या, मग पाणी द्यायच्या.

त्या वैशाखात नणंद मनकर्णा म्हणाली, "वैनी, समुद्र बघायचा का? दादाच म्हनला, घेऊन जा तिला, लई राबती."

तिचे यजमान दापोलीला नोकरीत होते. तिथून पुढे एका माणसानं माडांत पाहुण्यांसाठी झावळ्यांच्या खोल्या बांधल्या होत्या. तिथं आम्ही दोघी आठ दिवस राहिलो. ना चूल, ना धुणं, ना कुणाची हाक. सासरी आल्यापासून दुसऱ्याच्या हातचं गरम जेवण पहिल्यांदा तिथं जेवले. पण भातात वाळू, विहिरीचं पाणी मचूळ, पोस्ट आणि एसटी तीन कोसांवर. एवढं पाणी वाया चाललंय म्हणून मी लुगडी समुद्रातच धुतली. वाळल्यावर ती पापडासारखी कडक झाली. मनकर्णा पोट धरून हसली. "तिसगावची ती तिसगावचीच!"

चौथ्या दिवशी म्हटलं, "वन्सं, घरी कार्ड टाकू या?"

"टाकायला पेटी कुठं हाय? आन् दादा काय कुकुलं बाळ हाय?"

परतताना तिनं मला जामखेडला माझ्या भावाकडे सोडलं. "महिनाभर ऱ्हा. दादा न्यायला येईल." मला करमेना. तिसऱ्या दिवशी न सांगताच एसटीनं तिसगावला गेले.

दार एका नव्या मुलीनं उघडलं. हातभर हिरवा चुडा. "कोन पायजे?"

मी पाणी मागितलं. ती वाकली तेव्हा मंगळसूत्राशेजारी चांदीचा टाक दिसला. पहिली बायको मेली की दुसरीनं गळ्यात घालायचा, तो.

"कुणाचा गं?"

"थोरल्या बाईंचा. समिंद्रात बुडल्या म्हनं. परेत बी घावलं न्हाई."

"कुणी सांगितलं?"

"वन्संनी. पुसात आमच्या घरी येऊन लई रडल्या. आबा जित्या सवतीवर पोरगी देत न्हवते."

मी समुद्र पाहिला वैशाखात. बुडाले होते पौषात.

"मीच ती," म्हटलं. तिनं आधी माझे पाय पाहिले, उलटे आहेत का म्हणून.

नवरा, भिमाजी, रानातून आला. मान वर करेना. "मनकर्णानं सुचवलं," एवढंच म्हणाला.

"आठ दिवस माझ्याशी हसत होती ती."

मी आत गेलेच नाही.

पुढे शेवगावला बालवाडीत बावीस वर्षं काम केलं. सासूबाई दुष्काळाच्या साली गेल्या. राही, म्हणजे ती मुलगी, तिथंच राहिली. तिला तीन मुलं झाली, आता तिला डोळ्यांनी दिसत नाही म्हणतात. भिमाजी चौऱ्याण्णवला वारला. निरोप आला होता. मी गेले नाही. मनकर्णा एकदा नगरला कुणाच्या लग्नात भेटली. "वैनी" म्हणत पुढे आली. मी उठून दुसऱ्या पंगतीत जाऊन बसले. गेल्या वर्षी तीही गेली.