सगळ्यांचे बहात्तर

चौथीच्या वर्गाबाहेर नवा तक्ता लागला होता. वर 'आमच्या नाडीचे ठोके', खाली एकतीस नावं, आणि प्रत्येक नावापुढे वळणदार अक्षरात बहात्तर.

विज्ञानाच्या बाई तो पाहून जागीच थबकल्या. काल त्यांनी अख्खा तास मुलांकडून ठोके मोजून घेतले होते. मनगटावर वाटाण्याएवढी मातीची गोळी, तिच्यात खोचलेली आगकाडी. प्रत्येक ठोक्याला काडीचं टोक हलायचं. कुणाचे अठ्ठ्याऐंशी आले, कुणाचे चौऱ्याण्णव. वर्गातली सगळ्यांत लहानखुरी मुलगी, जिला सगळे चिमणी म्हणत, तिचे एकशे बत्तीस. बाईंनी तिला दहा मिनिटं आडवं झोपवून स्वतः दोनदा मोजले. फरक पडला नाही. मग तिच्या वहीत आईसाठी चिठ्ठी लिहिली : उद्याच डॉक्टरांना दाखवा.

मुख्याध्यापिका आपल्या खोलीत फायली लावत होत्या.

"तक्ता कुणी लिहिला?" बाईंनी विचारलं.

"मीच. काल शाळा सुटल्यावर बसले. तुमचा कच्चा कागद म्हणजे नुसता सावळागोंधळ. पुस्तकात बहात्तर दिलेत ना?"

"ते मोठ्या माणसाचे. लहान मुलांचे जास्त असतात. आणि मुलांनी स्वतः मोजले होते."

"मुलांचं काय घेऊन बसलात? त्यांना नाक पुसता येत नाही धड. उद्या तपासणीला साहेब यायचेत."

"एकतीस जणांचे एकसारखे ठोके बघून साहेब काय म्हणतील?"

"साहेब तक्ता वाचत नाहीत हो. रंग बघतात." मुख्याध्यापिका हसल्या. "आणि तुमची ती चिठ्ठी. चिमणीची आई शाळा भरतानाच आली, चेहरा पांढराफटक. मी तिला तक्ता दाखवला. म्हटलं, हे बघा, बरोबर बहात्तर. बिचारीचा जीव भांड्यात पडला. गेली कामावर."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. राग आला की त्यांचा आवाज उलट खाली जायचा.

"तिला आत्ता फोन लावा," त्या म्हणाल्या. "नाहीतर मी लावते, आणि तक्ता कसा तयार झाला तेही सांगते."

आई जवळच्याच लाँड्रीत इस्त्रीला होती. बाह्या वर सारलेल्या, तशीच आली. चिमणी खोलीतल्या बाकावर बसली होती.

"तासाभरापूर्वी ठणठणीत होती, आता आजारी?" आई म्हणाली. "तुम्ही दोघी आधी आपसात ठरवा, मग मला बोलवा."

"आमचं कुणाचंच ऐकू नका," बाई म्हणाल्या. "तुम्ही मोजा."

त्यांनी आईची बोटं चिमणीच्या मनगटावर नीट ठेवली आणि भिंतीवरचं घड्याळ दाखवलं. आई ओठ हलवत मोजू लागली. अर्ध्या मिनिटात सहासष्ट झाले.

"याची दुप्पट करायची," बाई म्हणाल्या.

आईनं ती केव्हाच केली होती.

"जिना चढले की मला असंच धडधडतं," चिमणी म्हणाली. "कुणी विचारलंच नाही."

आईनं मुख्याध्यापिकांकडे पाहिलंसुद्धा नाही. ती बाईंकडे वळली.

"या मोठ्या बाईनं खोटं लिहिलं. पण तुम्हाला तर काल कळलं होतं ना? मग चिठ्ठी कसली धाडता, नऊ वर्षांच्या पोरीच्या हाती? घरी यायला काय झालं होतं?"

काल घरी जाऊन बाई शांत जेवल्या होत्या.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या.

आईनं लेकीला उचलून कडेवर घेतलं. बाईंनी पर्स खांद्याला लावली.

"अहो, तुमच्या तासाचं काय?" मुख्याध्यापिकांनी विचारलं.

"तुम्ही घ्या. ठोके कसे मोजायचे ते मुलं शिकवतील तुम्हाला."

फाटकापाशी आई थांबली. "तुम्ही कशाला येताय?"

"डॉक्टरांना कालचे आकडे सांगायला."

"मग पाय उचला," आई म्हणाली, आणि मागे न बघता रस्ता ओलांडू लागली.