शेवटचा केस गळला त्या दिवशी

माझा शेवटचा केस मंगळवारी सकाळी गळला आणि माझे यजमान वारले. ते तेव्हा माझ्यासमोर बसून पोहे खात होते.

“लिंबू नाही का?” त्यांनी विचारलं.

मी लिंबू कापून दिलं. केस बशीच्या कडेला पडला होता, तो उचलून खिडकीबाहेर सोडला. आजाराचं नाव डॉक्टरांनी लिहून दिलं होतं. केस परत येतील असं नाही, बाकी तुम्ही ठणठणीत आहात, असंही सांगितलं होतं. दोन वर्षं केस जात होते, उशीवर, पदरावर, कालवणात. उरलेल्यांतून फणी फिरवताना मी मनाशी म्हणायची,

फणी गं माझी बाई, रानी हिंडून आली,
रान झालं मोकळं, वाट एकली राहिली.

समोरच्या रत्नमालाकाकू विरजण मागायला आल्या. माझं डोकं बघितलं आणि त्यांच्या हातातली वाटी पडली.

“अगं शालन! कधी गेले गं जयसिंगराव?”

“काकू, हे काय बसलेत.”

काकूंनी खुर्चीकडे बघितलं. “बसणारच की. दहा दिवस जीव कुठं जातोय?” आणि माझं कुंकू पुसायला त्यांनी पदराचं टोक जिभेवर ओलं केलं.

“मी जिवंत आहे, काकू,” हे म्हणाले.

“बघ, घर कसं खायला उठलंय,” काकू मला म्हणाल्या.

दुपारपर्यंत आमच्या दारात सगळ्या कॉलनीच्या चपला जमल्या. बायका माझ्या शेजारी बसल्या, पुरुष गॅलरीत हाताची घडी घालून उभे राहिले. हे सगळ्यांना चहा घ्या म्हणत होते. त्यांचा आवाज हळूहळू बारीक होत गेला. चार वाजता मला त्यांच्यातून खुर्चीचं वेतकाम दिसायला लागलं.

संध्याकाळी माझ्या नणंदबाई आल्या. त्यांनी पिशवीतून केसांचा टोप काढला.

“घाल,” वन्सं म्हणाल्या. “बाईचं डोकं बोडकं झालं की लोकांनी काय समजायचं? माझा एकुलता एक भाऊ आहे तो.”

मी टोप घातला. यांच्या अंगात रंग भरला. गॅलरीतून कोणीतरी हाक मारली, “काय जयसिंगराव, कधी आलात?” बायका चपला शोधत उठल्या. वन्संनी भावाच्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली आणि रडत रडत भाकरी थापायला बसल्या.

तो टोप मी तीन दिवस घातला. पहिल्या दिवशी आरशात केसांखाली माझा चेहरा पुसट दिसला. दुसऱ्या दिवशी नुसते कान दिसले. तिसऱ्या दिवशी आरशात फक्त केस होते, छान विंचरलेले. वन्संनी ताटं घेतली ती दोनच.

“मला?” मी विचारलं.

“शालन कुठं गेली रे?” वन्सं यांना म्हणाल्या. हे इकडंतिकडं बघायला लागले. त्यांची नजर माझ्यावरून दोनदा गेली.

मी मोरीत जाऊन टोप काढला आणि डोक्यावर तांब्याभर पाणी ओतलं. पाणी कुठं अडलं नाही. माझं डोकं मी पहिल्यांदाच नीट हाताळलं. मागं एक उंचवटा होता, कानामागं जन्माची खूण असावी तसा खळगा. इतकी वर्षं हे सगळं अंधारात होतं बिचारं. बाहेर आले तेव्हा वारा त्यावरून हलकेच गेला.

हे दारात उभे होते. त्यांच्यातून दाराची कडी दिसत होती.

“मला असंच राहायचंय हो,” मी म्हणाले.

त्यांनी कडीला हात लावून बघितला. मग म्हणाले, “राहा की. पण मला सोडून नको.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मोरीत गेले. आरशात त्यांना काही दिसत नव्हतं, म्हणून अंदाजानंच वस्तरा चालवला. आधी डोकं, मग मिशी. बाहेर आले ते दोन ठिकाणी कापून घेऊन, पण भरीव, धडधाकट.

“आता आपण सारखे,” ते म्हणाले.

मी हसले. किती महिन्यांनी हसले ते सांगता यायचं नाही.

पण आमच्याकडे पुरुष डोकं आणि मिशी एकदम उतरवतो ते घरातलं माणूस गेल्यावरच. यांचे आईवडील कधीच गेलेले. म्हणजे राहिले मी. हे दूध आणायला कोपऱ्यापर्यंत गेले, तेवढ्यात तिघांनी त्यांचे हात धरले.

“वहिनी गेल्या? अहो, कळवायचं तरी.”

ज्यानं मला बघितलं त्याला हे दिसेनात. ज्यानं यांना बघितलं त्याला मी दिसेना. काकू पिठलंभाकरी घेऊन आल्या, तेव्हा आम्ही शेजारी शेजारी बसलो होतो. काकूंनी दोघांना एकदम बघितलं.

“दोघंही गेली गं,” त्या वन्संना म्हणाल्या आणि ताट झाकून ओट्यावर ठेवलं.

दहाव्या दिवशी सगळे नदीच्या घाटावर गेले. आम्हीही गेलो, घरात बसून काय करणार. दोन पिंड मांडले होते. कावळे पिंपळावर ओळीनं बसले होते आणि एकही खाली उतरत नव्हता.

“जयसिंगा, तुझी गाडी कुणाला देणार नाही,” वन्सं हात जोडून म्हणाल्या. कावळे हलले नाहीत.

“शालन, तुझ्या कुंड्यांना मी पाणी घालीन गं,” काकू म्हणाल्या.

ऊन चढलं. वन्संचा आवाज बसला. “शालन, चुकले मी. तुला तो टोप घाल म्हणायला नको होतं. काय राहिलंय तुझं, सांग की बाई.”

आम्ही सगळ्यांच्या मागं पायरीवर उभे होतो. माझं डोकं तापलं होतं. यांनी त्यावर हात ठेवला. केस जायला लागल्यापासून त्यांनी पहिल्यांदाच ठेवला.

“भाजतंय का?” त्यांनी विचारलं.

“हात राहू दे,” मी म्हणाले.

एक कावळा उडाला. पिंडांवरून तो तसाच पुढं आला, वन्संच्या डोक्यावरून, काकूंच्या डोक्यावरून. त्याची सावली आमच्या पायरीवर आली, यांच्या मनगटावर चढली. यांनी हात काढला नाही. कावळ्यानं त्या हातावर पाय सोडले.